पाइन तेलाचे खरे उपयोग कोणते? सोलापूरच्या घरात ते कसे वापरावे आणि कसे ठेवावे?

प्रश्न
तुळशीकट्टा, विजापूर रोड, सोलापूर

सर्वांना नमस्कार. माझे दीर नुकतेच कुमाऊंच्या सहलीवरून परतले आणि येताना त्यांनी तेथील एका दुकानातून पाइनच्या सुगंधी तेलाची छोटी बाटली आणली. सर्दी, दमा, गुडघेदुखी, केसगळती आणि निद्रानाश अशा सगळ्या तक्रारींवर हे तेल चालते, असे दुकानदाराने त्यांना सांगितले आहे. एकच तेल इतक्या निरनिराळ्या दुखण्यांना लागू पडते हे मला पटत नाही. मात्र झाकण उघडल्यावर येणारा वास खरोखर प्रसन्न आहे आणि घरातील मंडळींना ते वापरून पाहण्याची उत्सुकता आहे, म्हणून आधी जाणकारांकडून नीट समजून घ्यावे असे ठरवले.

आमच्या घरची स्थिती सांगते. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली असून त्यांचे गुडघे दुखतात. सासऱ्यांनी उभी हयात यंत्रमागावर काढली; त्यांना जुना खोकला आहे आणि जिना चढताना धाप लागते. जाऊबाईंचा मुलगा दोन वर्षांचा आहे व त्याला वरचेवर सर्दी होते. घरात एक मांजरही आहे. या प्रत्येकासाठी हे तेल कितपत उपयोगी आणि कितपत सुरक्षित आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

दुसरी शंका अशी की, मधल्या मारुतीजवळच्या रसायनांच्या दुकानात पाइन ऑइल सुटे, लिटरच्या हिशेबाने मिळते आणि आमच्या बचत गटातील बायका त्यापासून पांढरे फिनाइल तयार करतात. ते तेल आणि ही बाटली एकच आहे का? एकच असेल, तर किमतीत एवढी तफावत का? आणि एकच नसेल, तर बाटलीतले तेल फरशीसाठी वापरणे व्यर्थ आहे का? कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
खलबत्ता, सात रस्ता, सोलापूर

ताई, मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती सुटल्याशिवाय पहिलीचे उत्तर देता येणार नाही.

पाइनच्या झाडापासून तीन वेगवेगळी द्रव्ये मिळतात आणि बाजारात त्यांची सरमिसळ होते. पहिले म्हणजे सुयांसारख्या पानांतून आणि कोवळ्या डहाळ्यांतून वाफेच्या साहाय्याने काढलेले सुगंधी तेल. यातील अल्फा-पिनीन हा प्रमुख घटक एकटा १५६ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, परंतु पाण्याच्या वाफेबरोबर तो १०० अंशांच्या आतच वर येतो आणि त्यामुळे वास न करपता तेल हाती लागते. दुसरे टर्पेंटाइन. खोडाला खाच पाडल्यावर जो चिकट डिंक स्रवतो, त्याला उत्तराखंडात लीसा म्हणतात. त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाइन वेगळे होते आणि मागे राळ उरते. तिसरे म्हणजे आपल्या मधल्या मारुतीकडचे सुटे पाइन ऑइल. ते बहुतेक वेळा टर्पेंटाइनमधल्या पिनीनवर आम्ल आणि पाणी यांची रासायनिक क्रिया घडवून कारखान्यात तयार करतात आणि त्यात टर्पिनिऑल नावाच्या अल्कोहोलाचे प्रमाण मोठे असते. किमतीतली तफावत यातूनच येते. सुटे तेल सफाईच्या कामाला उत्तम आहे, पण ते अंगाला लावण्यासाठी किंवा वाफाऱ्यात टाकण्यासाठी केलेले नसते.

आता पानांच्या तेलाविषयी. युरोपात यासाठी मुख्यतः स्कॉट्स पाइन, म्हणजे पायनस सिल्व्हेस्ट्रिस हे झाड वापरतात आणि त्याच्या तेलाचे मानक युरोपीय औषधसंहितेत दिलेले आहे. कुमाऊंत जे झाड डोंगरउतारांवर सर्वत्र दिसते ते चीड, म्हणजे पायनस रॉक्सबर्गाय. दोहोंच्या तेलांत अल्फा-पिनीन असते, परंतु चिडाच्या तेलात डेल्टा-३-कॅरीन हा घटक बराच आढळतो आणि त्वचेच्या दृष्टीने तो त्रासदायक ठरू शकतो. म्हणून बाटलीवर झाडाचे शास्त्रीय नाव आहे का, ते प्रथम पाहावे.

उपयोगांचे म्हणाल, तर जर्मनीत वनौषधींचे मूल्यमापन करण्यासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या कमिशन ई या तज्ज्ञ समितीने पाइनच्या पानांच्या तेलाला दोन कामांसाठी मान्यता दिली: श्वसनमार्गात कफ साठणाऱ्या सर्दी-खोकल्यासाठी आणि स्नायू व नसांच्या दुखण्यावर बाहेरून चोळण्यासाठी. ही मान्यता बऱ्याच अंशी दीर्घकालीन वापराच्या अनुभवावर आधारलेली आहे. आधुनिक पद्धतीच्या मोठ्या चाचण्यांचा आधार तिच्यामागे नाही. पण त्याच समितीने दमा आणि डांग्या खोकला असलेल्यांनी हे तेल वापरू नये असेही स्पष्ट सांगितले आहे. आपल्या दुकानदाराच्या यादीत दमा दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे मला फार गंभीर वाटते. तीव्र वासाच्या बाष्पाने संवेदनशील श्वासनलिका आकुंचन पावू शकते आणि ज्याला आधीच धाप लागते त्याच्यावर असा प्रयोग करणे योग्य नाही.

आपल्या सासऱ्यांना हे तेल देऊ नये, असे मी निःसंदिग्धपणे सांगेन. वाफाऱ्यात नको, उशीवर थेंब टाकून नको आणि त्यांच्या खोलीत दरवळणारे यंत्र लावूनही नको. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांना बिसिनोसिस नावाचा फुप्फुसांचा विकार होऊ शकतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. त्यांना तोच विकार आहे असे मी म्हणत नाही, परंतु धाप कशामुळे लागते याचे निदान न होता ती सुगंधाखाली दडपली जाऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.

सासूबाईंच्या गुडघ्यांवर मात्र मर्यादित उपयोग होऊ शकतो. या वर्गातील तेले चोळली की त्वचेकडे रक्तप्रवाह वाढतो, ऊब जाणवते आणि आतल्या दुखण्याची जाणीव काही काळ कमी होते. कापूर, मऊ साबण आणि टर्पेंटाइन यांचे जुने मलम याच तत्त्वावर काम करीत असे. सांध्याची झीज याने भरून निघत नाही. वापरायचे झाल्यास ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा करडईच्या तेलात ६ थेंब, म्हणजे साधारण १ टक्का, एवढेच मिसळावे. तरुण व निरोगी त्वचेला २ टक्के चालते, पण वयानुसार त्वचा पातळ होते हे ध्यानात ठेवावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब मिश्रण लावून दोन दिवस थांबावे आणि लाली किंवा खाज आली नाही तरच पुढे जावे. चोळल्यानंतर गरम पाण्याची पिशवी लावू नये.

केसगळतीवर हे तेल उपयोगी पडते याला आधार नाही. झोपेच्या बाबतीत, जपानमध्ये १९८२ पासून शिनरिन-योकू या नावाने वनात शांतपणे वेळ घालवण्याचा पुरस्कार केला जातो आणि त्याचा दाखला सुगंधी तेलांच्या जाहिरातींत हमखास देतात. रोगप्रतिकारक पेशींवरील ज्या प्रयोगाचा उल्लेख यात वारंवार येतो, तो हिनोकी या जपानी झाडाच्या तेलावर, हॉटेलच्या खोलीत, अवघ्या १२ पुरुषांवर झाला होता. त्यावरून पाइनच्या बाटलीचे गुण ठरवता येणार नाहीत. वासाने मन प्रसन्न होते, हा लाभ खराच आहे आणि तो तेवढाच मानून घेण्यात काहीच गैर नाही.

उत्तर २
रंगभट्टी, अक्कलकोट रोड, सोलापूर

खलबत्ता सरांनी औषधी बाजू मांडली आहे. मी सफाईच्या तेलाविषयी लिहितो, कारण सुताच्या रंगाईच्या व्यवसायामुळे या द्रव्याशी माझा रोजचा संबंध आहे. कच्च्या सुतावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे पाणी सुतात सहज शिरत नाही. पाइन ऑइल आणि टर्की रेड ऑइल (गंधकाम्लाची प्रक्रिया केलेले, पाण्यात मिसळणारे एरंडेल) यांसारखी द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, सूत लवकर व सारखे भिजते आणि पुढे रंगही सारखा चढतो. टॉवेल आणि चादरीच्या सुतात एका लडीला एक छटा आणि दुसरीला दुसरी, असे होऊ नये यासाठी हे भिजवणे फार महत्त्वाचे असते.

फिनाइलमध्येही हेच दोन सोबती एकत्र येतात. पाइन ऑइल पाण्यात विरघळत नाही. त्याला एरंडेलाच्या साबणाची किंवा टर्की रेड ऑइलची जोड दिली की तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहतात आणि पाणी दुधासारखे पांढरे दिसते. इथे आपल्या शहराची एक अडचण येते. महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने फरशी पुसायला बहुतेक घरांत बोअरचे पाणी वापरतात आणि ते जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून त्याचा चोथा करतात, थेंबांना धरून ठेवणारे काही उरत नाही आणि तेल तवंग होऊन वर येते. अशा फिनाइलने फरशी चिकट होते, वास मात्र भरपूर येतो आणि जंतूंवर अपेक्षित परिणाम होत नाही. आपल्या गटातील ताईंनी एका पेल्यात नळाचे आणि दुसऱ्यात बोअरचे पाणी घेऊन दोन्हींत थोडे थोडे फिनाइल टाकून पाहावे. बोअरच्या पेल्यात तवंग किंवा पांढऱ्या गुठळ्या दिसल्या, तर टर्की रेड ऑइलसारखे जड पाण्यात टिकणारे मिश्रक वापरावे, नाहीतर तयार करताना तरी नळाचे पाणी घ्यावे.

जंतुनाशक म्हणून पाइन ऑइलच्या मर्यादाही सांगायला हव्यात. टायफॉइडच्या जंतूंसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर ते चांगले काम करते. पण गळू आणि जखमांतील पू यांना कारण होणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसवर त्याचा प्रभाव तुलनेने कमी पडतो. त्यामुळे घरची फरशी आणि मोरी यांसाठी ते योग्य आहे, परंतु घरात कुणाची शस्त्रक्रियेची जखम ओली असेल तर केवळ पांढऱ्या फिनाइलवर विसंबू नये. फरशी ओली असताना लगेच कोरडी करू नये, जंतूंशी संपर्कासाठी दहा मिनिटे तरी मिळू द्यावीत.

आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. ती चुनखडीची असल्यामुळे आम्लयुक्त सफाईद्रवाने तिची चमक जाते व पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. पाइनच्या फिनाइलने तसे होत नाही. पांढरे फिनाइल आणि ब्लीचिंग पावडर मात्र एका बादलीत कधीही एकत्र करू नये.

बाटलीतले तेल फरशीसाठी वापरणे व्यर्थ आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: मिश्रक नसताना त्याचे थेंब बादलीत टाकले तर ते वरच तरंगतील. सुवास येईल, पण सफाई होणार नाही.

उत्तर ३
सरलवृक्ष, बाळीवेस, सोलापूर

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. चिडाचे झाड आपल्या परंपरेत सरल या नावाने प्रसिद्ध आहे आणि त्याच्या निर्यासाला, म्हणजे डिंकाला, श्रीवेष्टक म्हणतात. निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांमध्ये, ही द्रव्ये कर्पूरादी वर्गात येतात. देवदार हे वेगळे झाड आहे आणि दुकानात देवदाराचे तेल व पाइनचे तेल यांची अदलाबदल होते, तेवढे सांभाळावे.

ग्रंथांत सरलाचा उपयोग लाकूड आणि निर्यास यांच्या रूपात, लेप, धूप आणि सिद्ध तेलांतून सांगितलेला आहे. वाफेने काढलेले तेल हा त्याच झाडाचा अतिशय तीव्र अंश होय. म्हणून ग्रंथातील चूर्णाची मात्रा डोळ्यांसमोर ठेवून कुणी हे तेल मधातून किंवा कोमट पाण्यातून पोटात घेत असेल, तर ते शास्त्राला धरून नाही आणि धोक्याचेही आहे. असा सल्ला भ्रमणध्वनीवरील संदेशांतून फिरताना मी पाहिला आहे, म्हणून मुद्दाम लिहिले. गुडघ्यासाठी आधी नुसत्या कोमट तिळाच्या तेलाचा अभ्यंग काही आठवडे नियमाने करून पाहावा. सुगंधी तेलाची गरज कदाचित लागणारही नाही.

उत्तर ४
पृथक्करण, होटगी रोड, सोलापूर

वरील तिन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तथापि एक बाब अजून कुणी मांडली नाही आणि सोलापुरात राहणाऱ्यांसाठी ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाइनच्या तेलाचे गुण आणि दोष हे त्याच्या ताजेपणावर अवलंबून असतात आणि आपल्या हवेत हा ताजेपणा फार लवकर संपतो. मी रासायनिक विश्लेषणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे थोडे खोलात जाऊन सांगतो.

पिनीन आणि कॅरीन यांच्या रेणूंत कार्बनचा दुहेरी बंध असतो आणि त्याच्या लगतच्या जागी हवेतील ऑक्सिजन सहजपणे चिकटतो. त्यातून हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात. उष्णता, प्रकाश आणि बाटलीत उरलेली मोकळी हवा या तिन्हींमुळे ही क्रिया वेग घेते. चित्रकार आणि चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करणारे कारागीर यांच्या हातांवर टर्पेंटाइनमुळे जो इसब होत असे, त्याच्या मुळाशी प्रामुख्याने डेल्टा-३-कॅरीनपासून बनलेली हीच संयुगे असल्याचे संशोधनातून पुढे आले. एकदा शरीराला त्यांची ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही आणि पुढे अल्प प्रमाणातही त्रास होतो. म्हणूनच सुगंधद्रव्यांच्या सुरक्षिततेचे निकष ठरवणाऱ्या इफ्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेने पाइन कुळातील तेलांसाठी पेरॉक्साइडचे प्रमाण लिटरला १० मिलिमोलच्या आत असावे, असा दंडक घातला आहे. ताजे, नीट साठवलेले तेल आणि वर्षभर उन्हाच्या खोलीत राहिलेले तेल यांच्यावर नाव एकच असते, परंतु त्वचेच्या दृष्टीने ती दोन भिन्न द्रव्ये होत.

आता आपल्या उन्हाळ्याचा विचार करा. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जाणे नेहमीचे आहे आणि पत्र्याच्या किंवा शेवटच्या मजल्याच्या खोलीत, खिडकीजवळच्या फडताळात तापमान त्याहून अधिक असू शकते. अल्फा-पिनीनचा प्रज्वलनबिंदू सुमारे ३३ अंश आहे. याचा अर्थ असा की, त्या तापमानाला द्रवाच्या वर इतके बाष्प जमते की ठिणगी मिळताच ते पेट घेऊ शकते. आपला उन्हाळा हा बिंदू सकाळीच ओलांडतो. यावरून बाटली आपोआप पेटते असा समज करून घेऊ नये. परंतु देवघरातील निरांजनाजवळ, गॅसच्या शेगडीशेजारी किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीलगत ती ठेवणे खरोखर धोकादायक आहे. मेणबत्तीच्या किंवा पणतीच्या आचेवर तेल तापवून सुवास पसरवण्याची जी मातीची भांडी मिळतात, ती पाइन तेलासाठी मी वापरणार नाही. सुट्या पाइन ऑइलमध्ये टर्पिनिऑल अधिक असल्याने त्याचा प्रज्वलनबिंदू बराच वर असतो, तरी तेही ज्वलनशीलच आहे. बचत गटाच्या ताईंनी त्याचा डबा चुलीच्या खोलीत ठेवू नये.

साठवणुकीचे नियम कठीण नाहीत. गडद तपकिरी काचेची बाटली घ्यावी, बूच घट्ट असावे, आणि तेल निम्म्यावर आले की ते लहान बाटलीत ओतून घ्यावे, म्हणजे आत हवा कमी राहते. बाटली फ्रिजच्या दारात, पण डब्यात बंद करून आणि वर ठळक अक्षरांत नाव व उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. घरात लहान मूल असल्याने फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी ती उघडी राहता कामा नये. उघडल्यापासून वर्षाच्या आत ती संपवावी आणि त्यानंतर उरलेले तेल अंगाला लावू नये. ताज्या तेलाचा वास हिरवा, स्वच्छ असतो. तो उग्र, वॉर्निशसारखा झाला किंवा बाटलीच्या गळ्याशी चिकट थर जमला, तर तेल जुने झाले असे समजावे. थर्मोकोल आणि काही प्रकारचे प्लास्टिक या तेलात विरघळते, म्हणून प्लास्टिकच्या डबीत ते काढून ठेवू नये.

शुद्धतेची घरगुती चाचणी विचारली जाईल, म्हणून सांगतो. कोऱ्या टीपकागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी पाहावे. खाद्यतेलाची किंवा खनिज तेलाची भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो. मात्र स्वस्त टर्पेंटाइनची भेसळ या चाचणीत पकडता येत नाही, कारण तेही उडून जाते. तिच्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातील घटक वेगवेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतील तपासणीच करावी लागते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
तुळशीकट्टा, विजापूर रोड, सोलापूर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. बाटली पुन्हा पाहिली. तिच्यावर पायनस रॉक्सबर्गाय असे छापलेले आहे. परंतु तेल कधी काढले किंवा केव्हा भरले याची तारीख नाही आणि बाटली पारदर्शक काचेची आहे. दुकानात ती उन्हात मांडलेली होती, असे दिरांनी सांगितले. बचत गटातील मैत्रिणींनी दोन पेल्यांची चाचणी केली आणि बोअरच्या पाण्यात खरोखर तवंग आला; पुढच्या खेपेला त्या मिश्रक बदलणार आहेत.

दोन गोष्टी राहिल्या. दोन वर्षांच्या मुलासाठी वाफाऱ्यात एखादा थेंब टाकावा का, आणि मांजरामुळे काही काळजी घ्यावी लागेल का?

उत्तर ५
गोठा, बार्शी रोड, सोलापूर

मी पशुवैद्यक आहे, मांजरापुरते लिहितो. अनेक द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात ग्लुकुरोनिक आम्लाशी जी जोडणी व्हावी लागते, ती मांजरात फार अपुरी असते. त्यामुळे कुत्र्याला सहन होणारे प्रमाण मांजराला विषारी ठरू शकते. ते ओल्या फरशीवरून चालते, पंजे चाटते आणि तेल पोटात जाते. फिनाइलने पुसलेली फरशी पूर्ण वाळून, हवे तर साध्या पाण्याचा हात फिरवून झाल्यावरच त्याला आत सोडावे. काळे फिनाइल तर मांजर असलेल्या घरात वापरूच नये, कारण त्यातील फिनॉल वर्गातील द्रव्ये त्याला आणखी घातक असतात. अंगावरील पिसवांसाठी पाइनचे तेल चोळण्याचा सल्ला कुणी दिल्यास तो मानू नये. लाळ गळणे, लडखडणे, सुस्ती अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखान्यात आणावे.

उत्तर ६
खलबत्ता, सात रस्ता, सोलापूर

ताई, मुलासाठी वाफाऱ्यात तेल नको आणि खरे पाहता वाफाराही नको. इतक्या लहान मुलांत तीव्र वासाच्या बाष्पाने घशाचे स्नायू आखडून श्वास अडखळू शकतो आणि उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजण्याच्या घटना दवाखान्यांत नेहमी येतात. नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालून नाक मोकळे करावे आणि सर्दी वरचेवर होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

ही बाटली मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवावी. पाइनचे किंवा टर्पेंटाइनचे तेल चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नये, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला सांगून ठेवा. असे पातळ तेल उलटी होताना फुप्फुसांत उतरते आणि तेथे गंभीर दाह होतो; पोटात गेलेल्या तेलापेक्षा तो अधिक जीवघेणा ठरू शकतो. मीठ-पाणी किंवा तूप पाजण्यात वेळ न दवडता १०८ ला दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी.

पृथक्करण यांनी सांगितलेल्या कसोट्या लावल्या, तर चिडाचे, तारीख नसलेले आणि उन्हात राहिलेले हे तेल सासूबाईंच्या त्वचेला लावू नये, असे माझे मत झाले आहे. वैद्यताईंनी सुचवलेला तिळाच्या तेलाचा अभ्यंगच त्यांच्यासाठी चांगला. वास आवडत असेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून तो बैठकीत, खिडकी उघडी ठेवून, मूल व मांजर पोहोचणार नाहीत अशा उंच जागी थोडा वेळ ठेवता येईल. सासरे घरात नसतील ती वेळ निवडावी. बंद खोलीत तासन्‌तास दरवळ ठेवू नये, कारण हवेतील ओझोनशी या वाफांची क्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार होतात.

सासऱ्यांना मात्र लवकरात लवकर श्वसनरोगतज्ज्ञांकडे न्यावे. स्पायरोमेट्री ही नळीत जोराने फुंकण्याची साधी तपासणी असते आणि तिच्यावरून श्वासनलिका किती आकुंचन पावल्या आहेत हे समजते. डॉक्टरांना केवळ खोकला सांगू नका. यंत्रमागावर किती वर्षे काढली, शेडमध्ये धूळ कितपत असे, विडी किंवा तंबाखूची सवय होती का आणि आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्यावर छाती जड होत असे का, हे सारे कागदावर लिहून सोबत न्या.